रात्री किती उशा लागतात? गरोदरपणात हृदयाची तपासणी कशी करून घ्यायची

प्रसूतिपूर्व ओपीडीत आम्ही सिस्टर मंडळी दिवसभर एकच प्रश्न विचारत असतो, "काही त्रास?" आणि समोरची बाई बहुतेक वेळा मान हलवते, "नाही." बाहेर रांग लागलेली असते, तिला बस पकडायची असते, आम्हाला पुढचा केसपेपर घ्यायचा असतो. भोरकडून आलेल्या एका सात महिन्यांच्या पहिलटकरणीच्या कागदावर मी असंच माझ्या हातानं "तक्रार नाही" लिहिलं होतं. ती उठली, तशी मागे उभी असलेली तिची सासू पिशवी उचलता उचलता बोलली, "आठ दिवस झाले, आडवीच होत नाही बघा. भिंतीला टेकून बसूनच झोपते. पोट मोठं ना."

मी तिला पुन्हा बसवलं. पूर्ण मिनिटभर नाडी मोजली, ११८ भरली. बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन ९४. त्याच दिवशी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि हृदयातली मायट्रल झडप चांगलीच आकसलेली निघाली. लहानपणी कधीतरी गुडघे सुजून ताप आला होता, एवढंच तिच्या आईला आठवत होतं. पुढे फुग्यानं झडप उघडली, बाळंतपण नीट झालं. पण सासू बोलली नसती तर माझं ते "तक्रार नाही" तसंच राहिलं असतं. तेव्हापासून मी "काही त्रास?" विचारणं सोडलं. आता विचारते, "रात्री किती उशा लागतात?"

हृदयाची प्राथमिक तपासणी इथूनच सुरू होते. यंत्रं नंतर येतात. खाली जे लिहिलंय ते गरोदर बाईसाठी आहे आणि तिच्याबरोबर ओपीडीत येणाऱ्या माणसासाठीही. यातलं काहीही डॉक्टरांच्या ऐवजी वापरायचं नाही, डॉक्टरांपुढे मांडायला वापरायचं.

धाप लागणारच, मग वेगळं काय?

गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला ढकलत असलेलं रक्त ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी १० ते २० ठोक्यांनी पुढे जाते. हा भार हळूहळू चढत जातो आणि २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास शिखर गाठतो. बाळंतपणाच्या कळांमध्ये तो आणखी उसळतो. बाळ बाहेर आलं की गर्भाशय आवळतं आणि त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे परत येतं. निरोगी हृदय हे सगळं पेलतं. आधीपासून अरुंद झडप, बुजवलेलं किंवा न बुजवलेलं भोक, कमजोर स्नायू असेल, तर इतकी वर्षं काही न जाणवलेला दोष इथे उघडा पडतो. "लग्नाआधी तर डोंगर चढायची" हे वाक्य म्हणूनच पुरावा धरता येत नाही.

आता २८ ते ३२ आठवडे म्हणजे कोणता काळ? सातवा महिना. आपल्याकडे नेमकं तेव्हाच डोहाळजेवण उरकून मुलगी माहेरी जाते. पुण्यातली फाईल पुण्यात राहते, पहिल्यापासून बघणारा डॉक्टर बदलतो आणि नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून "काही त्रास?" "नाही." याबद्दल पुढे लिहिते.

पहिली पायरी: आईला फोन करा

नाव नोंदवायला जाण्याआधीची ही पायरी. स्वतःला विचारून उपयोग नाही, लहानपणचं आपल्याला आठवत नसतं. आईला, आजीला, मोठ्या बहिणीला विचारायचं आणि उत्तरं कागदावर लिहायची.

लहानपणी, साधारण ५ ते १५ वर्षांच्या वयात, घसा दुखून नंतर ताप आणि सांधे सुजणं झालं होतं का? आज गुडघा, परवा घोटा, असं फिरतं दुखणं होतं का? घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर येणाऱ्या या तापाला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे बरे होतात, झडपा मात्र पुढची कित्येक वर्षं हळूहळू खराब होत राहतात. आपल्याकडे गरोदरपणात सापडणाऱ्या हृदयरोगाचं हे एक मोठं कारण आहे. दर २१ दिवसांनी कमरेत दुखणारं इंजेक्शन घ्यायला नेत होते का, हे आवर्जून विचारा. ते पेनिसिलिन असतं. अनेक आयांना आजाराचं नाव आठवत नाही, पण ते इंजेक्शन आणि पोरीची रडारड आठवते.

"हृदयाला भोक आहे, मोठेपणी बुजेल" असं कुणी म्हटलं होतं का? शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी पुढे पाठवलं होतं का? छातीवर किंवा बरगडीखाली टाक्यांची खूण आहे का, भोक बुजवायला मांडीतून बटण बसवलं होतं का? ऑपरेशन झालं म्हणजे प्रकरण संपलं असं धरू नका, ते कागद शोधा. पत्र्याच्या पेटीत, जुन्या साड्यांखाली, कुठेतरी असतात.

घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? मागच्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, बाळंतपणानंतर दम लागून पुन्हा भरती व्हावं लागलं होतं का? आधीपासून मधुमेह, बीपी, थायरॉइड आहे का? कधी कॅन्सरसाठी केमो घेतली आहे का? काही केमोची औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करतात, आणि ही गोष्ट बायका स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगतच नाहीत. "तो आजार वेगळा, हा वेगळा" असं त्यांना वाटतं.

एक नाजूक मुद्दा. ऑपरेशनची गोष्ट सासरी सांगितलेली नसते, असं होतं. मग सासूसमोर विचारलं की मुलगी "नाही" म्हणते. अशा वेळी सिस्टरला हळूच सांगा, "मला एकटीला बोलायचंय." आम्हाला सवय आहे, आम्ही काहीतरी निमित्त काढून बाकीच्यांना बाहेर बसवतो.

दुसरी पायरी: पहिल्या भेटीत काय काय मोजलं पाहिजे

नाडी, बीपी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, वजन, आणि छातीला स्टेथोस्कोप. शेवटचं मुद्दाम लिहिलं. गर्दीत पोट तपासलं जातं, बाळाचे ठोके ऐकले जातात, आईचे राहून जातात. "डॉक्टर, माझी छाती ऐकता का?" असं विचारायला लाजू नका.

डॉक्टर म्हणाले "थोडा आवाज येतोय", तर लगेच रडू नका. रक्त वाढल्यामुळे गरोदरपणात हलका आवाज अनेकींना येतो. तो ठोक्याच्या कोणत्या भागात येतो, किती मोठा आहे, यावर पुढचं ठरतं. हृदय आकुंचन पावताना येणारा हलका आवाज निरुपद्रवी असू शकतो. हृदय सैल पडताना येणारा आवाज मात्र गरोदरपणातही नॉर्मल धरत नाहीत, त्याला एको हवीच.

हिमोग्लोबिन आणि थायरॉइड याच भेटीत होतं. दोन्हींतल्या बिघाडामुळे धाप लागते, धडधडतं. इथे एक सापळा आहे. "एचबी ८ आहे, म्हणून दम लागतोय" असं म्हणून सगळे निश्चिंत होतात. पण रक्त कमी असलेल्या बाईच्या झडपा चांगल्याच असतात असं थोडंच आहे? रक्त कमी असेल तर हृदयावर उलट जास्त भार येतो. लोहाच्या गोळ्या चालू करा, पण तेवढ्यावर धापेची फाईल बंद करू नका.

तिसरी पायरी: दर महिन्याचे पाच प्रश्न

हे प्रश्न घरातल्या माणसानं विचारावेत आणि उत्तर तारखेसह वहीत लिहावं. एका दिवसाच्या उत्तरापेक्षा मागच्या महिन्याशी तुलना जास्त बोलते.

रात्री किती उशा लागतात? पोट जड झालं की एका कुशीवर झोपावं लागतं, दोन उशा बऱ्या वाटतात, हे ठीक. पण उताणं किंवा आडवं झाल्यावर श्वास अडतो, उशा महिन्या-महिन्याला वाढतायत, झोपेतून गुदमरून उठून खिडकीशी बसावं लागतं, हे ठीक नाही.

किती मजले न थांबता चढता? पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना पोटुशी नसलेल्यालाही दम लागतो, त्याचं सोडा. मागच्या महिन्यात स्वतःच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यापर्यंत सहज जात होती आणि आता पहिल्या मजल्यावर कठडा धरून थांबते, वेणी घालताना, कणीक मळताना धाप लागते, बोलताना वाक्य तुटतं, तर ते सांगा. गरोदरपणाची साधी धाप हळूहळू सुरू होते, फारशी वाढत नाही आणि रोजचं काम अडवत नाही.

खोकला आहे का? रात्री आडवं पडल्यावर येणारा कोरडा खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, हे सर्दीचं लक्षण समजून काढा पीत बसू नका.

छातीत धडधडतं का, दुखतं का, चक्कर येऊन पडलात का? अधूनमधून ठोका चुकल्यासारखं वाटणं अनेकींना होतं. एकाएकी सुरू होऊन बराच वेळ चालणारी धडधड, आणि शुद्ध हरपणं, ही निराळी गोष्ट.

सूज कुठपर्यंत आहे? संध्याकाळी घोट्यावर येते आणि सकाळी उतरते ती साधी. सकाळीच चेहरा आणि हात सुजलेले, जोडवी रुतायला लागलेली, वजन आठवड्यात झपाट्यानं वाढलेलं, तर आधी बीपी बघा. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा जास्त आलं तर वाट बघायची नाही.

कोरोनाच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर बहुतेक घरांत कपाटात पडून आहे. सेल बदला आणि वापरा. पाच मिनिटं शांत बसून मग मोजायचं. नखाला पॉलिश किंवा बोटाला गडद मेंदी असेल तर यंत्र फसू शकतं. डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास! न रंगवलेलं बोट शोधा. नाडी हाताने मोजायची तर पूर्ण ६० सेकंद, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही.

शांत बसलेलं असताना नाडी ११० च्या वर, वरचं बीपी १४० किंवा जास्त, श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त, ऑक्सिजन ९६ किंवा कमी, यातलं काहीही पुन्हा मोजल्यावर तसंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नाडी १२०, वरचं बीपी १६०, श्वास ३०, ऑक्सिजन ९४ किंवा त्याहून कमी, किंवा बसल्या जागी धाप, असं असेल तर थेट मोठं रुग्णालय.

चौथी पायरी: ईसीजी आणि टूडी एको

प्रत्येक गरोदर बाईला एको लागतेच असं नाही. आधीचा हृदयाचा इतिहास, संशयास्पद आवाज, वर लिहिलेल्यातली लक्षणं, बिघडलेले आकडे, यातलं काही असेल तर मात्र "बाळंतपणानंतर बघू" हे उत्तर स्वीकारू नका. सोबत ईसीजी होतो, आणि कधी बीएनपी नावाची रक्ततपासणी. हृदयावर ताण आला की बीएनपी वाढतं.

एकोची भीती दोन कारणांनी असते. एक, "किरणांनी बाळाला काही होईल." एकोत क्ष-किरण नसतात, सोनोग्राफीसारख्याच ध्वनिलहरी असतात. दोन, "सोनोग्राफी तर झालीये की!" ती बाळाची झाली. ही आईच्या छातीची आहे. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गार जेल लावतात, अर्ध्या तासाच्या आत काम होतं. उपाशी जायचं नाही. पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा गाऊन घाला, आणि हवं असेल तर सोबत स्त्री कर्मचारी असू द्या म्हणून सांगा. मोठ्या सेंटरवर रांगेत तासभर जातो, म्हणून खाण्याचा डबा आणि पाणी घेऊन जा. आणखी एक घोटाळा होतो, तो फीटल एकोचा. ती बाळाच्या हृदयाची तपासणी, साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात. आईला जन्मजात हृदयदोष असेल तर बाळातही तो असण्याची शक्यता वाढते, तेव्हा दोन्ही एको लागतात.

छातीचा एक्स-रे डॉक्टरांना खरंच हवा असेल तर तोही पोटावर शिशाचं आवरण ठेवून काढता येतो. श्वास अडलेल्या बाईचा एक्स-रे बाळाच्या भीतीनं नाकारणं हा चुकीचा हिशोब आहे.

रिपोर्टमध्ये घरच्यांनी काय बघावं? ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते. ५५ च्या आसपास किंवा वर असेल तर बरं, ४५ च्या खाली गेलं तर गंभीरपणे घ्यायचं. मायट्रल झडपेचं तोंड निरोगी बाईत ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. १.५ किंवा त्याहून कमी लिहिलं असेल तर आकसलेपण गंभीर आहे. "ट्रिव्हियल टीआर" असं लिहिलेलं दिसलं म्हणून रात्रभर मोबाईलवर शोधत बसू नका, झडपेतून किंचित गळती गरोदरपणात अनेकींना दिसते.

पाचवी पायरी: काही सापडलं तर

पहिल्या दिवशी एकच नियम: चालू असलेलं कुठलंही औषध स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही आणि डॉक्टरांना न विचारता चालूही ठेवायचं नाही. विचारायचं, त्याच दिवशी. धातूची झडप बसवलेली बाई दिवस गेल्याचं कळताच रक्त पातळ करणारी गोळी, वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम, घाबरून बंद करते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळ्या बाळाला अपाय करू शकतात, हे खरं आहे. पण गोळी बंद केली की झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव जाऊ शकतो, हेही तितकंच खरं. म्हणून मधल्या काळात हेपॅरिनची इंजेक्शनं द्यायची का, डोस किती, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात, आणि खरं तर हे दिवस राहण्याआधीच ठरलेलं असावं. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, गरोदरपणात चालत नाहीत, त्या बदलून घ्याव्या लागतात. ऱ्हुमॅटिक आजारासाठीचं २१ दिवसांचं पेनिसिलिन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीवर आधारलेल्या यादीप्रमाणे डॉक्टर धोक्याचा गट ठरवतात. "मी कोणत्या गटात आहे?" हे थेट विचारा. लहान बुजवलेलं भोक पहिल्या गटात येतं, तिचं बाळंतपण जवळपास इतरांसारखंच. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब, अतिशय अरुंद मायट्रल झडप, ३० च्या खाली गेलेलं ईएफ, हे चौथ्या गटात. तिथे गर्भारपण पुढे न्यायचं का, याचीच चर्चा करावी लागते. ती चर्चा आठव्या आठवड्यात करणं आणि तिसाव्यात करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जागा निवडताना एकच निकष ठेवा: स्त्रीरोगतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि आयसीयू एका छताखाली हवेत. घराजवळच्या नर्सिंग होमचे डॉक्टर कितीही मायाळू असले तरी रात्री दोनला हृदयरोगतज्ज्ञ कुठून आणणार? पुण्यात महापालिकेच्या प्रसूतिगृहात नाव नोंदवलेलं असेल तर तिथून ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवतात. ती चिठ्ठी मिळाली की टाळू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी ठिकाणी तपासण्या, औषधं, बाळंतपण, वाहन मोफत असतं. झडपेच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेटा. तो सहसा रुग्णालयाच्या दाराजवळच्याच टेबलावर बसतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. धोक्याच्या गटातल्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. तो लपवायची वस्तू नाही, उलट रांगेत पुढे जायला कामी येतो.

हृदयरोग म्हणजे सिझेरियनच, असं नाही. बऱ्याच जणींचं बाळंतपण कळा सुसह्य करण्यासाठी कमरेतलं इंजेक्शन देऊन नैसर्गिकरीत्या करणं जास्त सुरक्षित ठरतं. आणि एक विनंती: "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घेऊ" हा हट्ट या बाईसाठी धरू नका. अरुंद झडपेच्या मागे एक बाटली जास्त गेली तरी फुप्फुसात पाणी भरतं. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावायच्या आधी "हिला हृदयाचा त्रास आहे" हे सांगणारा माणूस सोबत हवा.

माहेरी जाताना

एक प्लास्टिकची फाईल. सर्वात वर एक कागद, डॉक्टरांकडून लिहून आणि सही करून घेतलेला: आजाराचं नाव, धोक्याचा गट, शेवटच्या एकोची तारीख आणि आकडे, चालू औषधं डोससह, बाळंतपण कुठे करायचं, आणि काय झालं तर किती वेळात कुठे न्यायचं. त्याचा फोटो नवरा, आई, भाऊ तिघांच्या मोबाईलमध्ये असावा. माहेर वेल्ह्याला किंवा मुळशीच्या आतल्या गावात असेल तर स्पष्टच सांगते, सातव्या महिन्यात मुलीला तिकडे नेण्याऐवजी आईनं पुण्यात येऊन राहावं. रीत उलटी होईल, होऊ दे.

रात्री श्वास अडलाच, तर आडवं झोपवायचं नाही. पाठीला आधार देऊन बसवा, पाय खाली सोडा, १०८ ला फोन करा आणि "गरोदर आहे, हृदयाचा त्रास आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. दुचाकीवर मध्ये बसवून नेण्याचा विचारही करू नका.

शेवटची पायरी: सव्वा महिना आणि त्यापुढे

बाळ झालं की सगळं घर पाळण्याकडे वळतं. पण हृदयासाठी बाळंतपणानंतरचे पहिले २४ ते ७२ तास फार जोखमीचे असतात. शिवाय एक आजार असा आहे की जो अगदी निरोगी बाईलाही, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत गाठू शकतो. त्यात हृदयाचा स्नायूच ढिला पडतो, ईएफ ४५ च्या खाली येतं. आधीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या असूनही तो होतो. बाळंतिणीला रात्री खोकला येतो, घरात म्हणतात "पंख्याचं वारं लागलं", कान बांधतात, शेगडी जवळ ओढतात. ती बसून दूध पाजते, बसूनच झोपते, म्हणतात "बाळ झोपू देत नाही." पाय सुजतात, म्हणतात "अंग भरलंय."

म्हणून तेच पाच प्रश्न बाळंतपणानंतरही चालू ठेवा, पहिले पंधरा दिवस रोज, मग आठवड्यातून एकदा. बीपी वाढलेलं होतं तिचं बीपी घरी गेल्यावर तीन दिवसांत आणि पुन्हा आठवडाभरात मोजून घ्या. हृदयरोग असलेल्या बाईनं पहिली भेट सव्वा महिन्यानंतर नाही, सात ते चौदा दिवसांत घ्यायची. "सव्वा महिना बाहेर पडायचं नाही" म्हणणाऱ्या आजीला माझं नाव सांगा, सिस्टरनं बोलावलंय म्हणा.

त्या भेटीत पुढच्या पाळणा लांबवण्याचंही विचारून घ्या. काही हृदयरोगांत नेहमीच्या दोन संप्रेरकांच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, तिथे तांबी किंवा दुसरा उपाय निवडतात. आणि दुसऱ्यांदा विचार कराल तेव्हा एको आधी, दिवस नंतर.